धवल्याचं पान

आमच्या घरात इंटरनेट फक्त स्वयंपाकघरात यायचं. माझ्या दिराने आपल्या बायकोसाठी डोंगल आणलं, ते सगळ्या खोल्यांत फिरवून पाहिलं, गच्चीवरही नेलं. शेवटी ओट्यामागच्या खिडकीत, मिठाच्या बरणीवर ठेवलं तेव्हा त्याचा दिवा हिरवा झाला. जरा हलवलं की दिवा लाल. त्यामुळे माझी धाकटी जाऊ लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात लॅपटॉप घेऊन माझ्या स्वयंपाकघरात राहायला आली, असं म्हटलं तरी चालेल. पिठाच्या डब्यावर पाट, पाटावर लॅपटॉप आणि समोर प्लास्टिकच्या स्टुलावर ती.

मला आधी फार अवघडल्यासारखं झालं. कामोठे गावातल्या या घरात मी बारा वर्षं नांदत होते आणि दुपारचं स्वयंपाकघर माझं एकटीचं होतं. पुरुष कामावर, मुलं शाळेत, सासूबाई पुढच्या ओटीवर. मला फार बोलता येत नाही, चार माणसांत तर नाहीच. सासूबाई म्हणायच्या, "हिच्या तोंडान गूळ हाय का चुना, बारा वर्सांत कललं नाय." त्यात ही जाऊ पनवेल शहरातली, बी.कॉम. झालेली. तिचे वडील नोकरीसाठी साताऱ्याकडून आलेले, घरात सगळं शुद्ध बोलणं. मी जवळच्याच कोन नावाच्या गावातली, शाळा चौथीपर्यंत. तिच्याशी काय बोलायचं हेच मला सुचेना. ती 'ताई' म्हणून हाक मारायची आणि मी 'हं' म्हणायचे. बरेच दिवस आमचं एवढंच चाललं.

लग्नाआधी ती शिकवणीच्या क्लासात मुलांना शिकवायची. तिला ते सोडून वेबसाइट बनवण्याच्या कामाला लागायचं होतं, म्हणून तिने ऑनलाइन कोर्स घेतला होता. शिकवणारा कुठला तरी परदेशातला माणूस होता. तो इंग्रजीतून भराभर बोलायचा. ही त्याला थांबवायची, मागे न्यायची, पुन्हा ऐकायची. एकेक वाक्य चार-चार वेळा. मला शब्द कळत नव्हते, पण तो कुठे खोकतो ते मला पाठ झालं होतं.

प्रत्येक धड्याच्या शेवटी तो सांगायचा की आता हे बंद करा आणि शिकलात ते शेजारच्या माणसाला समजावून सांगा. शेजारी मीच होते.

"ताई, तुम्हाला सांगू का? तुम्ही फक्त ऐका. नाही कळलं तरी चालेल."

"मी कोलंबी सोलतेय," मी म्हटलं.

"सोला की. कान मोकळे आहेत ना?"

मग ती सांगायची आणि मी सोलायचे. ती चांगली मास्तरीण होती. चुकली की स्वतःच्याच डोक्यात टपली मारायची. मी मान वर करत नव्हते, पण कान देऊन ऐकत होते आणि मला ते आवडत होतं. शाळा सुटल्यावर मला कुणी मुद्दाम बसून काही शिकवलं नव्हतं. भाकरी कशी थापायची, मासा कसा कापायचा, हे सगळं बघून आलं. समोर बसून, 'आता हे असं का, ते सांगते' असं म्हणणारी ही पहिलीच.

एक दिवस ती पनवेलला एका ऑफिसात जाऊन आली. एसटी स्टँडच्या जवळ, दुकानांच्या वरच्या मजल्यावर तिघा-चौघांचं ऑफिस होतं. लोकांना वेबसाइट करून देत. आल्या आल्या ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"जागा एकच आहे म्हणाले, ताई. आणि कोर्स तर सगळेच करतात म्हणाले. सगळे येऊन तेच कोर्समधलं दुकान दाखवतात, टोपलीत साबण टाकायचा नि पैसे भरायचे. ते म्हणाले, तुमचं स्वतःचं एक पान करून आणा. माणसाने त्यात आपली माहिती भरायची आणि पान त्याच्यासाठी वेगळं झालं पाहिजे. आम्ही समोर बसून तपासू. महिन्याभराने या."

"मग कर की," मी म्हटलं.

"कशाचं करू? सुचत नाही काही. आणि नाही जमलं तर जूनपासून पुन्हा क्लास. मी ह्यांना शब्द दिलाय."

'ह्यांना' म्हणजे माझ्या दिराला. जूनला फार दिवस उरले नव्हते. त्या महिन्यात ती जेवताना बोलेनाशी झाली. भात चिवडत बसायची. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, त्या डब्यान बगून बगून भूक मेली तुजी." लॅपटॉपला त्या डबाच म्हणायच्या. जाऊ हसली, पण हसू ओठांवरच होतं. मला वाटायचं, हिच्यासाठी आपण काही करावं. पण मी काय करणार? कोलंबी सोलणार.

मग एका दुपारी तो धडा आला. ती मला समजावायला बसली.

"ताई, बघा. पानं दोन तऱ्हेची. एक पान आधीच लिहून ठेवलेलं असतं. कोणीही मागितलं तरी तेच. दुसरं पान तयार नसतंच. त्याचा नुसता साचा असतो. तुम्ही मागितलंत की तिकडचा सर्व्हर त्या साच्यात तुमचं नाव, तुमचं गाव भरतो आणि त्या घटकेला पान बनवून देतो. माझ्यासाठी वेगळं, तुमच्यासाठी वेगळं. याला डायनॅमिक म्हणतात. उदाहरणार्थ... थांबा हं, चांगलं उदाहरण सुचत नाहीये."

मी चुलीवरून तवा उतरवत होते. तोंडातून निघून गेलं, "म्हणजे एक पत्रिका आणि एक धवला."

"काय?"

"काही नाही."

"काही नाही काय! धवला म्हणजे काय?"

मला कानकोंडं झालं. पण ती स्टुलावरून उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली, तेव्हा सांगावंच लागलं. लग्नाची पत्रिका छापून येते, पाचशे घरांत तीच जाते. धवला तसा नाही. आमच्याकडे हळदीला आणि लग्नाला म्हातारी जाणती बाई धवले गाते, तिला धवलारीण म्हणतात. गाणं तेच असतं, चालही तीच. पण ज्या घरी गाते त्या घरच्या नवरीचं, बापाचं, आईचं, मामाचं नाव ती त्यात घालते. त्यामुळे एका घरचा धवला दुसऱ्या घरी जसाच्या तसा चालत नाही. माझी आई धवलारीण होती.

जाऊ आणखी जवळ आली. मग म्हणाली, "ताई, हे तुम्ही मला सहा महिने सांगितलं नाहीत?"

"तू कुठे विचारलंस?"

"माझ्या लग्नात कुठे होतं हे?"

"तुझ्या लग्नात डीजे होता."

तिने दोन्ही हातांनी माझे पिठाचे हात धरले. "मी हेच करणार. धवल्याचं पान. नावं भरली की त्या घरचा धवला निघेल. तुम्हाला येतात ना गायला?"

येत होते. सगळे येत होते. पण मी कधी कुणासमोर गायले नव्हते. आई मला हळदीला सोबत न्यायची, तेव्हा मी तिच्या पाठीमागे पदर धरून बसायचे आणि ओठ हलवायचे, आवाज नाही. लग्न झाल्यावर तर तेही सुटलं. मी म्हटलं, "गाणार नाही. शब्द सांगते, तू लिही."

पण शब्द येईनात. चालीशिवाय तिसऱ्याच ओळीला अडकले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच. तीही हिरमुसली. मग मी तिला म्हटलं, "तू तिकडे तोंड कर." तिने भिंतीकडे तोंड केलं. मी ओट्याकडे केलं आणि तांदळाची परात पुढे ओढली. हात निवडायला लागले तसा आवाज निघाला. एवढासा, तांदळातल्या खड्यांना ऐकू जाईल इतका.

हळदीचा पाट कोनी मांडिला गो,
नवरीच्या बापानं मांडिला गो...

पाठीमागे कीबोर्डची टकटक चालू होती. मी पाच धवले गायले. मान वळवली तर ती अजून भिंतीकडेच तोंड करून, लॅपटॉप मांडीवर घेऊन टाइप करत होती. दारात सासूबाई उभ्या होत्या.

"बारा वर्सं," त्या म्हणाल्या, "बारा वर्सं ही बाय माज्या घरान मुकी होती." आणि पदर सावरत ओटीवर निघून गेल्या. त्या दिवशी चहा त्यांनी केला.

पुढचे पंधरा दिवस आमचं घर त्या पानाच्या मागे होतं. तिने नावांसाठी रकाने केले. नवरी, नवरा, नवरीचे आईवडील, मामा, गाव. पहिल्यांदा सगळं भरून बटण दाबलं तर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांच्या.

"एवढं कोण काय विचारतंय?" मी म्हटलं.

"ताई, हसवू नका, मला रडायला येतंय."

दोन दिवस तिने शोधलं. नावं जिथे साठवत होती त्या डेटाबेसला मराठी अक्षरं घ्यायची हे सांगायलाच ती विसरली होती. कोर्समधला माणूस इंग्रजीच लिहायचा, त्याला ही अडचण कधी आलीच नव्हती. तिसऱ्या दिवशी प्रश्नचिन्हं गेली आणि पडद्यावर मराठीत धवला उमटला. तिने मला खिडकीपासून ओढत आणलं.

मग सासूबाईंना बोलावलं. "आई, तुम्ही बसा. ऑफिसातले लोक असेच अनोळखी माणसाला बसवून तपासतात. मी विचारते, तुम्ही सांगा. आपण तुमच्याच लग्नाचा धवला काढू. नवरीचं नाव?"

सासूबाईंनी ऐटीत आपलं माहेरचं नाव सांगितलं. वडिलांचं सांगितलं. मामाचं सांगितलं.

"नवरदेवाचं नाव?"

सासूबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"आई, नवरदेवाचं."

"तेंचं नाव मी घेनार नाय."

"अहो, कोण ऐकतंय? बाबा बाहेर आहेत."

"बाहेर हायत म्हनूनच. मानूस बाहेर गेला असला तं नाव घेऊ नये."

"मग ताई, तुम्ही सांगा."

मी मान हलवली. सासऱ्यांचं नाव मी कसं घेणार? जाऊला नाव माहीत होतं, तिच्या नवऱ्याच्या नावामागे तेच लागतं. ती टाइप करायला गेली तर सासूबाईंनी तिचा हात धरला. "तू बी सून हायस. लिवू बी नको. चालव तसंच."

"तसंच कसं चालवू? रकाना रिकामा राहील."

"ऱ्हाऊ दे रिकामा."

ती हसत सुटली आणि तो रकाना कोरा ठेवून तिने बटण दाबलं. धवला आला. पण नवरदेवाच्या ओळीत मध्येच भोक पडलं होतं. 'मांडवाखाली कोन गो आला,' आणि पुढे काहीच नाही, मग थेट 'आला'. चालीवर म्हणून पाहिलं तर पायरी चुकल्यासारखं झालं.

जाऊचं हसू थांबलं. "ताई, ऑफिसातले हेच करणार. मुद्दाम रकाने रिकामे सोडणार. तुमच्या आई काय करायच्या? एखाद्याला आई नसेल, मामा नसेल, तर ती जागा कशी भरायच्या?"

मला माहीत नव्हतं. मी तिच्या पाठीमागे बसून ओठ हलवले होते, कुणाची जागा रिकामी आहे ते मला कधी कळलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळची कामं उरकून मी माहेरी, कोनला गेले.

आई तेव्हा खाटेवरच असायची. तिला लग्नांना बोलावणं येणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. मी विचारलं तेव्हा तिला आधी वाटलं, कुणाची हळद आहे. मी सांगितलं, हळद नाही, कॉम्प्युटरला सांगायचंय.

"तो गानार?"

"नाही. लिहून देणार."

"मंग ठीक. गायला गला लागतो." जरा वेळाने म्हणाली, "आय नसली तं धरतरीचं नाव घ्यावं. मामा नसला तं गावच्या देवाचं. नवऱ्याला नुसतं 'राजा' म्हनावं. जागा मोकली नाय सोडायची गो. लोकांना कललं नाय पायजे, कोन नाय ते."

"आणि नवरी?"

"नवरी कशी नसंल? नवरी नाय तं लगीन कोनाचं?"

मला हसू आलं. पण तिथे बसल्या बसल्या एक गोष्ट डोक्यात आली. मी पाच धवले गायले तेव्हा प्रत्येकात नवरीच्या जागी माझ्या तोंडून माझंच नाव आलं होतं. जाऊने ते टाइप करताना खोडून तिथे रकाना ठेवला होता. तेव्हा मला वाटलं, मी लाजून चुकले. पण चुकले नव्हते. लहानपणापासून घरी मी ते तसंच ऐकलं होतं. माझी समजूत अशी की मूळ धवल्यात ते नाव असतंच, आणि आईने माझं नाव धवल्यावरून ठेवलं असेल.

मी आईला तसं विचारलं.

"येडी हायस," ती म्हणाली. "घरान म्हनून बगायला लागायचं ना मला. नावं बसतान का नाय चालीन, ते बगायला. लोकांच्या पोरींची नावं हलदीच्या आदी तोंडान घेऊ नये, वाईट असतं. मंग कोनाचं घेनार? तुजंच घ्यायची."

"रोज?"

"रोज. तुजी हलद मी हजार वेला लावली असंल."

मी तिच्या पायांवरची गोधडी नीट केली. तिला त्यात मोठं काही वाटलं नव्हतं. ती लगेच विचारू लागली की जवळा मिळतोय का आणि मुलांची परीक्षा कधी. येताना रिक्षात मला सारखं भरून येत होतं आणि सोबतच्या बाईने विचारलं तेव्हा मी डोळ्यांत धूळ गेली म्हटलं.

घरी येऊन जाऊला सगळं सांगितलं. धरतरी, गावचा देव, राजा. ती भराभर लिहून घेत होती. 'रकाना रिकामा असेल तर हे, नाहीतर भरलेलं नाव.' अशी ओळ असते, ती मला तोवर ओळखता यायला लागली होती. नवरीचं मी सांगितलं नाही. नवरी नसलेलं लग्न नसतं, एवढंच आईचं वाक्य सांगितलं.

"ते खरंय, पण तो माणूस तोही रिकामा सोडेलच," ती म्हणाली. "काय घालू?"

मी ओटा पुसायला घेतला. ती माझ्याकडे बघत राहिली. तिची एक सवय होती, उत्तर येईपर्यंत ती दुसरं काही बोलायची नाही. क्लासातल्या मुलांनाही अशीच बघत असेल. शेवटी मी सांगितलं. आईने काय सांगितलं ते सगळंच.

तिने लॅपटॉपकडे तोंड वळवलं आणि लिहिलं. मी म्हटलं, "नको गं, तिथे चार लोक बघतील."

"बघू देत," ती म्हणाली. "तुमच्या आई घालत होत्या तेच घातलंय मी."

महिना भरला त्या दिवशी तिने मला सोबत चला म्हटलं. धवल्याबद्दल काही विचारलं तर तिला सांगता येणार नाही. मी नाही म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "जा. मासे मी करीन. मला बी येतान." आम्ही रिक्षाने पनवेलला गेलो. ऑफिसबाहेरच्या बाकावर मी बसले, ती आत गेली. दार काचेचं होतं. आतलं दिसत होतं, ऐकूही येत होतं, पण मी जिन्याकडे बघत असल्यासारखं करत होते.

ऑफिसचे मालक वयाने पन्नाशीचे, पांढरी दाढी, मऊ आवाज. त्यांनी आधी भरून पाहिलं, मग अर्धं भरून. मग जाऊ म्हणाली होती तेच केलं. सगळे रकाने पुसले आणि बटण दाबलं.

"अच्छा," ते म्हणाले. "तुटलं नाही. धरती, राजा, बहोत खूब. पण मॅडम, हे नवरीचं नाव कुणाचं आलं? मी तर काही टाकलं नाही."

"त्या बाहेर बसल्यात," माझी जाऊ म्हणाली.

मला पळून जावंसं वाटलं. त्यांनी स्वतः येऊन दार उघडलं. "या भाभी, आत या. बसा. घबरायचं काय त्यात?" मी आत जाऊन खुर्चीच्या कडेला टेकले. त्यांनी विचारलं, हे असं का. जाऊ उत्तर देईल म्हणून मी तिच्याकडे पाहिलं, तर ती माझ्याकडेच बघत होती. तसंच, उत्तर येईपर्यंत. मी पदराकडे बघत दोन वाक्यांत सांगितलं की लोकांच्या मुलीचं नाव आधी घेऊ नये, म्हणून आई माझं घ्यायची.

त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाले, "आमच्यातही शादीत मेंदीच्या दिवशी बायका गातात. माझ्या बहिणीच्या मुलीची आहे पुढच्या महिन्यात." त्यांनी तिचं नाव भरलं, बापाचं भरलं, मामा म्हणून स्वतःचं भरलं, गाव भरलं. पान आलं. ते वाचत गेले आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवून हसले. "ही गावदेवीला बोलावण्याची ओळ आमच्याकडे कशी चालेल, मॅडम?"

माझी जाऊ पडद्याकडे बघत राहिली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने याचा विचारच केला नव्हता. मीही केला नव्हता, कारण आमच्या दोघींच्या डोक्यात लग्न म्हणजे आपल्याकडचं लग्न. एकच जागा होती आणि ती आता हातातून जाणार असं मला तिच्या खांद्यांवरून दिसलं.

"ती गाळतात," मी म्हटलं.

दोघांनी वळून पाहिलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"ज्यांच्यात जी रीत नाही, ती ओळ म्हणत नाहीत. कुणाकडे मामाचा मान आधी, कुणाकडे आत्याचा. कुणाकडे देवीचा नाहीच. आई विडा घ्यायची, म्हणजे गायला यायचं कबूल करायची, तेव्हाच विचारून घ्यायची, तुमच्यात काय काय असतं. त्याप्रमाणे म्हणायची."

"पानात आहे का हे?" त्यांनी जाऊला विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "पण करते. इथेच बसून करू?"

त्यांनी खुर्ची दिली. तिने अर्धा तास घेतला. मी चहाचा कप हातात धरून बसले, तो गार झाला. एकदा पान सगळंच कोरं आलं आणि तिने डोक्यात टपली मारली. मग नावांच्या आधी एक नवी यादी आली, 'तुमच्या घरी यांपैकी काय असतं?' आणि प्रत्येक रीतीपुढे खूण करायची चौकट. मालकांनी देवीची चौकट रिकामी ठेवली. धवला आला, ती ओळ नव्हती, आणि चाल कुठे मोडली नव्हती. मी मनातल्या मनात म्हणून पाहिला.

"सोमवारपासून या," ते म्हणाले. "लोक आमच्याकडे येतात आणि त्यांना काय पाहिजे ते त्यांनाच माहीत नसतं. काय विचारून घ्यायचं ते सांगणारं माणूस तुमच्या घरातच आहे, ते बरंय."

जिन्यावर ती माझ्या गळ्यात पडली. लोक वर-खाली करत होते आणि मला लाज वाटत होती, पण मी तिला सोडवलं नाही.

रिक्षात बसल्यावर मात्र मला सोमवार दिसायला लागला. ती सकाळी नऊला जाणार, संध्याकाळी सातला येणार. पिठाच्या डब्यावरचा पाट मी उचलून ठेवणार. मला आनंद झाला होता, खोटं कशाला लिहू. पण दुपारचं स्वयंपाकघर आता रिकामं वाटणार होतं. मी विचारलं, "तुझे धडे किती राहिले?"

"सहा. बघू, रविवारी करीन कधीतरी."

"कधीतरी नको," मी म्हटलं. "मला राहिलेले सहा पाहिजेत."

ती वळून बघायला लागली. तिने काही विचारायच्या आत मी म्हटलं, "आणि आता टाइप मी करणार."

रविवारी आमच्याकडे माशांचा मोठा स्वयंपाक असतो. त्या रविवारी सासूबाई ओट्याशी उभ्या राहून सुरमई कापत होत्या आणि बडबडत होत्या, "दोगी सुना असून माज्या हातान सुरी. नशीब माजं." मी स्टुलावर बसले होते. एका बोटाने एकेक अक्षर शोधत आईच्या पाच धवल्यांची यादी करत होते, पानाने ती आपोआप एकाखाली एक दाखवावी म्हणून. जाऊ शेजारी हाताची घडी घालून बसली होती आणि काही केल्या मदत करत नव्हती. तासाभराने मी बटण दाबलं.

पान कोरं.

सासूबाई सुरी हातात घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या. "काय झालं? गेला का तुमचा डबा?"

"नाही आई," मी म्हटलं, "डबा चांगलाय. माझंच काहीतरी राहिलंय." आणि पहिल्या ओळीपासून बोट ठेवत वाचायला लागले.